न फोडलेली पाकिटं

दिवाळीला पुण्यात आलेल्या ध्रुवने वडिलांना चार पाहुण्यांदेखत सुनावलं, "बाबा, माझ्या नावाची पत्रं फोडत जाऊ नका. प्रायव्हसी म्हणून काही असते!"

पुरुषोत्तमरावांना ते चांगलंच झोंबलं. ध्रुव बंगळुरूत राहायला जाऊन पाच वर्षं झाली, तरी गाडीपासून बँकेपर्यंत सगळ्या कागदांवर पत्ता पुण्याचाच होता. त्याच्या नावाचं पाकीट आलं, की ते आता तसंच कपाटात जायचं. "साहेब येतील तेव्हा बघतील."

गेल्या आठवड्यात सर्जापूर रोडवर ध्रुवची धावती गाडी अचानक बंद पडली, आणि मागून आलेल्या ट्रकने होत्याचं नव्हतं केलं.

बंगळुरूला पोचल्यावर पुरुषोत्तमरावांनी पिशवीतून तीन पाकिटं काढून सुनेपुढे ठेवली. "बघ सिद्धी, त्याने बजावल्यापासून एकही फोडलं नाही मी."

ध्रुवचं नाव वाचून सिद्धीला हुंदका आवरेना. "मला नाही बघवत. आता तुम्हीच फोडा, बाबा."

त्यांनी सगळ्यांत जुनं, सात महिन्यांपूर्वीचं पाकीट फोडलं.



'आपल्या गाडीच्या इग्निशन स्विचमध्ये दोष आढळला असून धावती गाडी अचानक बंद पडू शकते. स्विच बदलून मिळेपर्यंत कृपया गाडी चालवू नये.'