पाहुण्यांसाठी पाणी

सकाळी सातलाच रुखमिणीबाईंनी विहिरीवरची मोटार चालू केली आणि पाइप सरळ रोपांच्या वाफ्यात सोडला. आवाज ऐकून श्रावण हातातला चहा तसाच ठेवून धावत आला.

"माय, हे का करून राहिली? आज पान्याची पाळी नाही ना!"

"दहाले पाहुने येऊन राहिले," रुखमिणीबाई म्हणाल्या. "अशी मेल्यावानी रोपं दाखवू का त्याइले?"

श्रावणची नर्सरी मोहाडी तालुक्यात, गावाच्या कडेला. गेल्या साली पावसानं दगा दिला आणि नर्सरीमागची बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, होळीच्या आतच आटली. विहिरीत कमरेइतकं पाणी उरलं होतं. ते जूनपर्यंत पुरवायचं होतं. एरवीही श्रावण पाण्याच्या बाबतीत चिक्कूच. पिशव्यांत मातीबरोबर धानाचा कोंडा भरायचा, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायचा. मे लागला की रोपांचं पाणी तोडत न्यायचा. आधी दिवसाआड, मग चौथ्या दिवशी, शेवटी आठवड्यातून एकदा, तेही कपभर. पानं लोंबायची, खालची गळायची. पण असं तहान सोसून तयार झालेलं रोप बांधावर लावलं की पाऊस लांबला तरी तग धरायचं. हे ज्याला माहीत तो पुन्हा श्रावणकडेच यायचा. ज्याला माहीत नाही तो फाटकातूनच परत फिरायचा, आणि अशांचीच संख्या जास्त होती.

लग्नाच्या बाबतीतही तेच झालं होतं. श्रावण तेहतीस वर्षांचा. सहा ठिकाणची माणसं घर पाहून गेली. नोकरी नाही हे काहींनी चालवून घेतलं असतं, पण वाळकी रोपं पाहिली की त्यांची पावलं मोटरसायकलकडे वळायची. "जो झाडाले पानी नाही पाजत, तो पोरीले का पाजंल?" असं एका मुलीचे मामा पोहे खाता खाता बोलून गेले. ते रुखमिणीबाईंच्या जिव्हारी लागलं होतं. तेव्हापासून त्या वाफ्यांकडे रागानंच बघायच्या.

सातवं स्थळ पवनीकडचं होतं. मध्यस्थ इश्वरभाऊ, नात्यातलेच.

मोटारीचं बटण श्रावणच्या हाताशी होतं. ते दाबलं असतं तर निम्मं पाणी तरी वाचलं असतं. त्यानं आईकडे पाहिलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती, पदर खोचलेला होता आणि भिजलेल्या पायांनी ती एकेका ओळीत पाइप फिरवत होती. श्रावण बटणाला हात न लावता आंघोळीला गेला.

पाहुणे दहाला आले. मुलीचे वडील सेवकरामजी, इश्वरभाऊ आणि त्यांच्यामागे चक्क मुलगी. मुलीनं स्वतः घर पाहायला यायची रीत नव्हती. "हट्टच धरला जी तिनं," सेवकरामजी ओशाळून म्हणाले. मुलीचं नाव कीर्ती.

रोपं तोवर तरारली होती. आवळा, सीताफळ, करंज, सगळ्यांची पानं ताठ. सेवकरामजी खूश झाले. "एवढ्या टंचाईत हे म्हणजे कमालच झाली बाप्पा," ते म्हणाले. रुखमिणीबाईंनी पुढ्यात पोह्यांची बशी सरकवली आणि आपल्याकडे पाण्याचं कसं सुख आहे ते सांगितलं. विहिरीकडे कोणी जाऊ नये म्हणून खुर्च्या त्यांनी मुद्दाम जांभळाखाली मांडल्या होत्या.

कीर्ती मात्र वाफ्यांतून हिंडत होती. सीताफळाच्या ओळीपाशी ती उकिडवी बसली. एका पिशवीतला तणस बाजूला करून तिनं अंगठा मातीत दाबला. श्रावण जवळच उभा होता. ही मुलगी रोपांना हात लावते, तोही पान न तुटेल असा, हे पाहून त्याला फार बरं वाटलं. अशी बायको मिळाली तर, असं त्याच्या मनात आलंसुद्धा.

"पानी रोज देता?" तिनं विचारलं.

श्रावणनं जांभळाखाली पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होती.

"रोज," तो म्हणाला.

कीर्तीनं अंगठ्याचा चिखल पुसला आणि तणस पुन्हा होता तसा केला.

तिसऱ्या दिवशी इश्वरभाऊंचा फोन आला. तोवर विहिरीत बादली सोडली की गाळच वर यायचा, आणि श्रावण दूरच्या हातपंपावरून सायकलला डबे बांधून पाणी आणत होता. त्यानं आईलाही ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला.

"सेवकरामजी राजी आहेत," इश्वरभाऊ म्हणाले. "पोरगीच नाही म्हनते."

रुखमिणीबाई फोनजवळ सरकल्या. "विहीर कोरडी आहे हे कोनं सांगतलं तिले?"

"विहिरीचं काही नाही जी. मलेही कालच समजलं. तीन उन्हाळे ती सरकारी नर्सरीत मजुरीले होती, रोपातलं सारं समजते तिले. अन् परसालची गोष्ट, तिच्या बांधावर बापानं भंडाऱ्याच्या बाजारातून आवळ्याची चाळीस रोपं आनून लावली. पावसानं दडी मारली, तरी एक मेलं नाही. ती रोपं श्रावणच्याच हातची, तिथं विकाले गेलेली. म्हनून त हट्ट करून आली होती."

"मंग नाही काहून म्हनली?" श्रावणनं विचारलं.

इश्वरभाऊंनी तिचेच शब्द सांगितले.

"म्हने, मी त्याची वाळकी रोपं पाहाले गेली होती. त्यानं मले हिरवी दाखवली."