मायचा सल्ला

कुसुमने दार बोटभरच उघडलं. पार्वतीबाईंनी पदर नाकावरून घट्ट बांधला होता, तरी कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवावरून त्या ओळखू आल्या.

"दोन दिवस माझ्याकडे मसाला कुटायला आली नाहीस. मला वाटलं, तूही गाडीत बसून पळालीस."

अर्धं सुरत पळालंच होतं. प्लेगचं नाव निघाल्यापासून उधन्यातले माग बंद आणि स्टेशनात माणसावर माणूस. कुसुमचा नवराही पहाटेपासून तिकिटाच्या रांगेत उभा होता. नवागामच्या त्या गल्लीत दारांपेक्षा कुलपंच जास्त दिसत होती.

"दिपालीले ताप शे, माय," कुसुम म्हणाली.

पार्वतीबाई आत शिरल्या. कुसुमची सहा वर्षांची पोर गोधडीत मुटकुळं करून पडली होती. खोकली की सगळं अंग उचललं जाई. पार्वतीबाईंनी हात पुढे केला, कपाळापाशी नेला आणि तिथंच थांबवला. टेकवला नाही. हात थांबलेला कुसुमने पाहिला, आणि तिने पाहिला हे त्यांनाही कळलं.

"दवाखान्यात का नाही नेलंस?"

"तुम्हीच तर सांगितलंय."

भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, रविवारच्या पेपराचं कात्रण खिळ्याला अडकवलं होतं. वर पार्वतीबाईंचा फोटो. नाकात नथ, डोळ्यांना चष्मा, हातात पेन. मथळा 'मायचा सल्ला'. सातवीपर्यंत शिकलेल्या कुसुमने ओळींखालून बोट फिरवत वाचून दाखवलं. "'ऊठसूट सुईसाठी पळू नका. सुंठ-मिरी-लवंगेचा काढा द्या. तीन दिवसांत ताप उतरतो. माझी पाच लेकरं अशीच वाढली.' आज दुसराच दिवस आहे, माय."

स्टोव्हवर पातेलं उकळत होतं. शेजारी 'पार्वतीमाय काढा मसाला'चा फोडलेला पुडा.

शब्द पार्वतीबाईंचेच होते. श्रावणात मिरच्यांचे देठ काढता काढता बोललेले. समोर जाहिरातीचं बघणारा मंदार वही घेऊन बसला होता. जाहिरात काय, कोणीही देतं, तो म्हणायचा. आपण मसाल्याचं नावही काढायचं नाही. तुम्ही फक्त चार शहाणपणाच्या गोष्टी सांगा. एकदा तुमच्या शब्दावर भरवसा बसला की लोक पुडा आपण होऊन उचलतील. आठ-आठ रविवारचे लेख तो एकदमच लिहायचा आणि पेपरात देऊन मोकळा व्हायचा. हा त्यातला शेवटचा. मंदार परवाच बायकामुलं घेऊन नाशिकला गेला होता.

"अगं, ते साध्या तापाचं होतं. श्रावणातलं बोलणं. हा ताप निराळा."

"रविवारी छापलंय. रोग त्याच्या आधीच आला होता."

"मी नाही लिहिलं ते. तो मंदार लिहितो."

"दर शनिवारी तुम्ही लिहायला बसता. आम्हाला खलबत्त्याचा आवाज करू देत नाही. आतून कडी लावून घेता."

शनिवारी कडी लावून पार्वतीबाई झोपत असत. ते आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

"दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात," कुसुम म्हणाली. "तुम्ही घाबरल्या आहात, माय, म्हणून शब्द फिरवताय. लिहिलं तेव्हा घाबरल्या नव्हतात. मी तुमचं तेव्हाचं ऐकते."

पोर पुन्हा खोकली. या खेपेला खोकला लवकर थांबला नाही.

कोपऱ्यात दिपालीची शाळेची पाटी होती. पार्वतीबाई जमिनीवर बसल्या, पाटी ओढून मांडीवर घेतली.

"बघ इकडे. तुझ्या लेकीचं नाव लिहिते."

"हे काय आता?"

"बघ म्हणते ना."

बँकेतल्या सहीपुरतं स्वतःचं नाव त्यांना काढता येत असे, तेही रांगोळी काढावी तसं. पेन्सिल बोटांत फिरू लागली. एक वेलांटी निघाली, ती कशाला जोडायची ते सुचेना. त्यांनी ती तळहाताने पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. मग आपल्या नावातलं 'पा' तेवढं पाटीच्या मधोमध उमटलं. त्याच्या मागे काही नाही, पुढे काही नाही. मसाला कुटणाऱ्या चाळीस बायकांना जिभेच्या धारेवर धरणाऱ्या बाईच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर ओघळलं.

"इतकंच येतं मला," त्या म्हणाल्या. "तो फोटोतला पेनही मंदारचा. आता ऊठ."

कुसुमने पाटीकडे पाहिलं. कात्रणाकडे पाहिलं. मग गोधडीसकट पोरीला खांद्यावर घेतलं. पोरीची मान मागे लोंबली, ती पार्वतीबाईंनी झटकन सावरली. तळहात भाजला.

कुसुम मोठ्या रस्त्याकडे जवळजवळ पळतच गेली. पार्वतीबाई उंबऱ्यातच राहिल्या. पदर केव्हाच सुटला होता. गल्लीत माणूस दिसत नव्हतं, पण जिथं जिथं कुलूप नव्हतं त्या प्रत्येक दारातून वास येत होता. सुंठ, मिरी, लवंग. त्यांच्याच हातच्या मापाचा.

त्या पाटी घेऊन खाली उतरल्या आणि पहिल्या दाराची कडी वाजवली.