भेगेवरच्या काचा

"अजून एक महिना थांबू," साहेब म्हणाले, आणि इंजिनिअरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे तिसऱ्यांदा होत होतं. चौकातलं दीडशे वर्षांचं कारंजं दुरुस्त होऊन तयार होतं आणि परवानगीचा कागद टेबलाटेबलांवर पाहुणचार घेत हिंडत होता. साहेबांचं घोडं अडलं होतं मधल्या खांबाच्या भेगेवर. त्या खांबावर सहा टनांचं दगडी पात्र. खांब हलत असेल तर पात्र उतरवून आत लोखंड घालायचं, म्हणजे जुन्या कामाचं मातेरंच.

"भेग जुनी आहे, साहेब. वाढत नाहीये." बाईंनी फोटो पुढे सरकवला. "तिच्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात, तारीख घालून. खांब केसभर हलला तरी काच तडकते. तीन महिने झाले, सगळ्या शाबूत आहेत."

"एक तडकली होती ना?"

"पहिल्या आठवड्यात. कुणाची तरी शिडी लागली असणार."

त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. म्हाताऱ्या मिस्त्रींना जरा जास्तच. नंतर त्यांना वाईट वाटलं, पण त्यानंतर काच फुटली नाही हेही खरं.

साहेबांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "पाणी सोडलं की खाली पोरंटोरं खेळणार. जबाबदारी कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. साहेबांनी सुस्कारा टाकून सही केली.

दुपारी पाणी सुटलं. वरचं पात्र काठोकाठ भरलं, खालच्या हौदात मुलं कपड्यांसकट उतरली. इतके महिने डोकं पिकलेल्या बाईंना एकदम भरून आलं. त्या थापी धूत बसलेल्या मिस्त्रींपाशी गेल्या.

"मिस्त्री, त्या दिवशी फार बोलले तुम्हाला. मनात ठेवू नका."

"छे हो, बाई. तुमचं बरोबरच होतं. आपल्या कामावर फुटकं कशाला दिसायला हवं? तेव्हापासून रोज तुम्ही यायच्या आत मी फेरी मारतो. तडकलेली दिसली की काढायची आणि नवी बसवायची. तारीखसुद्धा जुनीच घालतो, तुमच्यासारख्या अक्षरात."

मिस्त्रींनी थापी झटकली.

"आधी आठवड्याला एखादी लागायची. आता रोजच्या तीन लागतात."