व्हॉल्व्ह चांगलाच निघाला

टेबलावरचा व्हॉल्व्ह पुन्हा एकदा उघडला आणि मिटला. टक्. टक्. अगदी शहाण्या मुलासारखा.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

धाकटीची नजर व्हॉल्व्हवरून हटली नाही. काल उड्डाणाला काही क्षण उरले असताना हाच व्हॉल्व्ह अडला होता. तिने तो पडद्यावर अडताना पाहिला, "थांबवा!" म्हणून ओरडली, आणि अख्खं रॉकेट जागच्या जागी थांबलं. वर उपग्रह तसाच. तो तिच्या थोरल्या बहिणीने बनवलेला. त्याच्यापायी ताईचे केस पांढरे झाले होते. सख्ख्या बहिणीनेच घोडं अडवलं, अशी नातेवाइकांत कुजबुजही सुरू झाली होती.

सकाळपासून व्हॉल्व्ह खोलून झाला. तारा तपासल्या, सेन्सर बदलून पाहिला, गार केला, गरम केला. बिघाड काही सापडेना. डोळ्यांनी पाहिलं ते खरं, की हातांनी तपासलं ते? तिला काही म्हणजे काही कळेना.

"अजून एकदा चाचणीला लावा," ती म्हणाली.

तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. "मॅडम, चांगल्या व्हॉल्व्हला किती छळायचं?"

पण लावला. सगळे वाकून बघू लागले. धाकटीने मनातल्या मनात देवाला साकडं घातलं. एकदाच अडू दे रे बाबा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

टक्. व्हॉल्व्ह झोकात उघडला.

सवयीने कुणीतरी टाळी वाजवली. आपण एकटेच आहोत हे लक्षात आल्यावर त्याने हात खिशात घातले.

साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "हे बघ, यात बिघाड सापडला असता तर दुसरा बसवून मोकळे झालो असतो. आता बिघाड रॉकेटमध्येच कुठेतरी दडून बसलाय. किंवा मुळात नव्हताच. उद्या सोडायचं की नाही, हे तुलाच सांगावं लागणार."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईचा होता.

"काय गं, लागला का छडा? व्हॉल्व्ह कसा आहे?"

"चांगला आहे, ताई. एकदम चांगला आहे."

"अगं, मग रडतेस कशाला?"