केबलचं दुसरं टोक

“माझ्या मालकाला तुमी दोनदा मारलंत, साहेब. एकदा पाण्यानं नि एकदा कागदानं.”

गुणाबाईनं खुर्चीत बसायच्या आधीच हे सांगून टाकलं. खाडीचे बांध सांभाळणाऱ्या पनवेलच्या सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी मान वर केली नाही. समोर त्यांचाच अहवाल होता. भर दुपारच्या उधाणात उघाडीचा, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या दाराचा, चौकीदार आणि गुणाबाईचा नवरा काळूराम झोपला होता. यंत्र चालू होतं, दिवा हिरवा होता. दार वेळेत खाली सोडलं नाही, खाडी शेतात शिरली, तो बुडाला. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. त्याच्यावर काहीही लिहावं.

चाळीस वर्षं काळूराम बांधावर जाऊन डोळ्यांनी पाणी बघायचा आणि उघाडीचं दार खाली सोडायचा. मग दोन वर्षांमागं कार्यालयानं चौकीच्या भिंतीवर पेटी ठोकली. पेटीतून केबल खाडीत गेली, तिच्या टोकाला पाणी मोजणारा सेन्सर. पेटी मिनिटामिनिटाला विचारणार, सेन्सर कळवणार. उत्तर येतंय तोवर दिवा हिरवा, पाणी चढलं की भोंगा. वर हुकूम सुटला: बांधावर जायचं नाही, चौकीतच बसायचं, भोंगा वाजला की दार सोडायचं.

गुणाबाईच्या बहिणीची मुलगी रोशनी कामोठ्यात मोबाइल दुरुस्त करायची; ती सोबत आली होती. काळूराम बुडाल्यावर जप्त केलेल्या पेटीचं आणि केबलचं सील तिनं साहेबांसमोरच फोडायला लावलं. केबलचं खाडीतलं टोक म्हणजे काळ्या टेपचा नारळाएवढा गोळा, वर वाळलेला चिखल. रोशनीनं पेटीला वीज दिली. हिरवा दिवा लागला.

“बघा! अजून ठणठणीत आहे,” साहेब म्हणाले.

रोशनीनं केबल पेटीतून काढली आणि थेट आपल्या लॅपटॉपला जोडली. “आता तुम्हीच विचारा, सर.”

साहेब हसले. शिपाई कमलाकरही हसला, साहेब हसले की तो हसायचाच. साहेबांनी मजेत टाइप केलं: जबाबदार कोण?

लगेच खाली उमटलं: जबाबदार कोण?

“सेन्सर फक्त आकडे पाठवतो,” रोशनी हळूच म्हणाली. “त्याला शब्द येत नाहीत.”

कमलाकर दोन पावलं मागं सरकला. साहेबांनी पुन्हा टाइप केलं: तू कोण?

तू कोण?

गुणाबाई पडद्यावर वाकली. काळूराम अस्साच होता. ती घरातून ओरडायची, “जेवाला येता का?” आणि बांधावरून तिचीच हाक माघारी यायची, “जेवाला येता काऽऽ?” मग तो हसायचा, खाडीच्या पार ऐकू जाईल इतका.

“लिही बाय,” ती म्हणाली. “जेवाला येता का?”

रोशनीनं नाइलाजानं लिहिलं. हाक माघारी आली. गुणाबाईनं पडद्यावर तळहात ठेवला. “हाय,” ती पुटपुटली. “इथंच हाय.”

रोशनीनं ब्लेड काढलं आणि गोळ्यावरची टेप कापायला घेतली.

“अहो, ते उघडू नका!” साहेब खुर्चीतून उठले.

थरावर थर निघाले. आत एक दगड होता, वजनाला. सेन्सर नव्हताच. केबलच्या दोन तारा, बोलायची आणि ऐकायची, एकमेकींना पिळून ठेवलेल्या.

“मावशी, पेटी स्वतःलाच विचारत होती आणि स्वतःचंच ऐकत होती,” रोशनी म्हणाली. “तपासणीला दिवा हिरवा दिसावा म्हणून हा पीळ मारलाय, भोंगा कधी वाजणारच नव्हता. दोन वर्षं या टोकाला कुणीच नव्हतं.”

गुणाबाईनं पडद्यावरचा हात काढला. मग तिनं फाइल ओढली. पहिल्याच पानावर ‘सेन्सर बसवला, तपासला’ असं लिहिलं होतं. ते तिला वाचता आलं नाही. खालची सही मात्र तिनं ओळखली. तिच्या नवऱ्याला झोपाळू ठरवणाऱ्या कागदावर तीच होती.

तिनं केबल उचलली. जाळ्याची गाठ सोडवणाऱ्या बोटांनी तारांचा पीळ उलगडला आणि दोन तारा दोन बाजूंना केल्या.

“टाक बाय, साहेबांचा पहिला सवाल परत टाक.”

रोशनीनं टाकला. जबाबदार कोण?

काही परत आलं नाही. पडद्यावर प्रश्न एकटाच उभा राहिला.

“आता ही केबल बोलणार नाय, साहेब,” गुणाबाई म्हणाली. “आता तुमी बोला.”