गैरहजर वर्ग

मोठ्या बाईंना फोनवर बोलायला शांत जागा हवी होती. वर्गात मुलांनी नुसता कल्ला मांडला होता. प्रश्नावर प्रश्न, हुज्जत, हसणं. असाच वर्ग व्हावा म्हणून बाईंनी आयुष्य वेचून नवा अभ्यासक्रम रचला होता; काही शाळांत त्याचा प्रयोग चालू होता आणि आज त्या इथे तोच बघायला आल्या होत्या. तो कल्ला कानात साठवत त्या बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीला बाहेरून कडी होती. म्हणजे आत कुणी नसणार. त्यांनी कडी काढली.

"बोला, मोठ्या बाई," पलीकडून शिक्षण खात्याचे सचिव म्हणत होते, "टाकू ना पुस्तकं छापायला? पुढच्या वर्षी झाडून सगळ्या शाळांत तुमचाच अभ्यासक्रम. तुमच्या एका शब्दासाठी अडलंय बघा."

शब्द द्यायला बाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

खोलीभर मुलं होती. पडदे ओढलेले, पंखा बंद. मोडक्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली, घामानं निथळणारी, प्रत्येकाचं बोट तोंडावर.

"साहेब, मी करते तुम्हाला फोन." बाईंनी फोन ठेवला. "काय रे, इथे काय करताय?"

पुढच्या बाकावरची, समोरचे दात पडलेली एक मुलगी कुजबुजली, "आम्ही आज गैरहजर आहोत."

बाईंना हसू आलं. पोरांचा काहीतरी खेळ. "गैरहजर? आणि इथे बसून?"

"हळू बोला ना! आणि दार लावा आधी. मोठ्या बाई आल्यात."

हसू जिथल्या तिथे मेलं. बाई वर्षभर या शाळेत येत होत्या. पलीकडच्या वर्गातलं पोरन्‌पोर नावानिशी ओळखत होत्या. इथलं एकही तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आणि या पोरांनी त्यांचं.

"कोण मोठ्या बाई?"

"एवढं पण माहीत नाही?" मुलीला त्यांची कीव आली. "ते नवीन पुस्तक केलंय ना, त्या. खूप चांगल्या आहेत. आम्हाला लवकर येत नाही ना काही, ते बघून त्यांना वाईट वाटेल. म्हणून त्या आल्या की आम्ही इथे."

"मागच्या वेळी हा शिंकला होता," मागून एक मुलगा शेजारच्याकडे बोट करत म्हणाला. "आता रुमाल चावून बसतो."

शेजारच्यानं मान डोलावली. रुमाल तोंडात होता.

व्हरांड्यात धावती पावलं वाजली. मुख्याध्यापक. त्यांनी बाईंना जवळजवळ ओढतच बाजूला घेतलं आणि दार लोटलं.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात इकडे?"

"कडी लावून ठेवता पोरांना?"

"नाही लावली तर बाहेर येतात."

"लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटली होती. पहिल्यांदा." मुख्याध्यापकांनी कपाळ पुसलं. "नियम तुमचाच आहे, मॅडम. तुमच्या भेटीच्या दिवशी वर्गाची सरासरी घसरली की शाळा प्रयोगातून बाद. आणि मोजायची फक्त हजर मुलं."

नियम त्यांचाच होता. तापानं फणफणलेल्या पोराचा भोपळा शाळेच्या माथी बसू नये, म्हणून मायेनं घातलेला.

"सगळ्या शाळांत असंच?" बाईंनी विचारलं.

"अहो, म्हणजे काय! आम्ही बैठकीला भेटलो की एकमेकांना पहिलं हेच विचारतो, खोली कुठली काढलीस? एकानं तर सायकलींची शेड काढली, पोरं उन्हात शिजतात." मुख्याध्यापक आता चिडूनच बोलत होते. "लेकरू तुमचं, मॅडम. आम्ही फक्त न्हाऊमाखू घालून तुमच्यापुढे उभं करतो. तुम्ही गालगुच्चा घेता आणि जाता. कधी विचारलंत, नेमकी तुम्ही आलात की एवढी पोरं आजारी कशी पडतात या गावात?"

नव्हतं विचारलं. भरल्या सभांतून ज्या आकड्यांवर टाळ्या घेतल्या, त्यांत ही पोरं कुठेच नव्हती.

"आता खरं सांगाल तर तुमचं पुस्तक गेलं," मुख्याध्यापक आवाज खाली आणून म्हणाले. "परत तीच घोकंपट्टी, तीच छडी. तिकडे ती पोरं आत्ता कुठे बोलायला लागलीत, त्यांची तोंडंही बंद. आणि एवढं करून या खोलीतल्यांचं काय भलं होणार आहे? सांगा ना. आहे उत्तर?"

हातातला फोन पुन्हा वाजायला लागला. सचिवांना घाई होती.

बाईंनी तो कानाला लावला. "साहेब, छापू नका," त्या म्हणाल्या. "नाही, काही चुकलं नाही छपाईत. माझं चुकलंय. येऊन सांगते."

"मेलो!" मुख्याध्यापक म्हणाले आणि पायरीवर बसले.

बाईंनी दार सताड उघडलं. उजेड थेट पुढच्या बाकावर पडला. मुलीनं डोळ्यांवर हात धरला.

"बाळांनो, मोठ्या बाई म्हणजे मीच," बाई म्हणाल्या. "चला, उठा. सगळ्यांनी वर्गात चला."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मागे वळून नुसता हात खाली केला.

एकही बाक वाजलं नाही. एकाचंही डोकं कुठे आपटलं नाही. पापणी लवेपर्यंत सगळी मुलं बाकांखाली गेली होती आणि खोली रिकामी झाली होती.