रहाटेकाकांचा लाल सिग्नल

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी सुलभा गायधनी पुन्हा आपल्या जुन्या डिझेल रेल्वे इंजिनात चढली, तेव्हा भंगारवाल्यांनी त्याचं अर्धं नाक कापून नेलं होतं. तांबं गेलं होतं, मोटरी गेल्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटखालची पेटी तेवढी उरली होती. रहाटे ड्रायव्हर वारले, तेव्हा त्यांचं मन या पेटीत उतरवून घेतलं होतं, आणि पुढेही गाडी त्यांनीच हाकली.

"पाव किलो प्लॅटिनम आहे आत," मुकादम म्हणाला. "पण म्हातारं झोपतं फक्त लाल सिग्नलला, आणि आमचं ऐकत नाही. तुम्ही सांगा बाई. नाहीतर जागेपणीच कटर लावतो, मग ओरडू दे."

सुलभा सहायक ड्रायव्हरच्या, तिच्या जुन्या जागेवर बसली. बावीस वर्षं तिने या माणसाला प्रत्येक सिग्नल मोठ्याने सांगितला होता. एकही चुकीचा सांगितला नव्हता.

"कोण, सुलभा?" पेटीतून आवाज आला. "चहा आणलास का, नेहमीसारखा गार? कॅमेरे बंद पडलेत गं. पुढे काय आहे?"

पुढे रूळच नव्हते.

"लाल," ती म्हणाली.

"लाल," रहाट्यांनी रीतीप्रमाणे परत म्हटलं. "हिरवा झाला की उठव."

"उठवते, काका."

पेटीवरचा दिवा मंदावला. मुकादम पाना घेऊन वाकला. "उतरा आता, बाई."

सुलभा हलली नाही. गाडी लाल सिग्नलला उभी असताना सहायकाने जागा सोडायची नसते.